आवाज मारलेली गाडी

रॉकेलच्या डब्यात हात घातला आणि बोटाला काहीतरी टोचलं. बाहेर काढून बघितलं तर आगकाडीच्या निम्म्या लांबीचा, बारीक, गोल पोलादी तुकडा. एका टोकाला मोडलेला. मी तो फडक्यावर ठेवला. मग डब्याच्या तळाशी पुन्हा बोट फिरवलं, तर आणखी दोन निघाले.

डबा कालचा होता. दातार साहेबांच्या गाडीतून काढलेलं जुनं ग्रीस मी त्यात टाकलं होतं आणि आज सकाळी तो धुवायला घेतला होता. गाडी मात्र गॅरेजमध्ये नव्हती. तासाभरापूर्वी साहेब ती घेऊन गेले होते. शेजारच्या सीटवर त्यांची आई होती. मुंबईला त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी. मध्ये खंडाळ्याचा घाट.

देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. मी मूळचा चिपळूणकडचा, दापोडीला मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका गॅरेजात मेकॅनिक होतो. गॅरेज तात्यांचं. तात्या दापोडीतल्या जुन्या शेतकरी घरातले. रस्त्याकडेच्या वावरात त्यांनी पत्र्याची शेड टाकली, खाली खड्डा खणला आणि धंदा सुरू केला. माणूस तापट, पण परक्या गावात मला राहायला खोली त्यांनीच दिली होती. त्यामुळे मी त्यांना जरा जास्तच टरकून असायचो.

दातार साहेब पिंपरीच्या एका कारखान्यात केमिस्ट. औषधांतलं त्यांना सगळं कळायचं, गाडीतलं काही नाही. खडकीचा एक इंग्रज अधिकारी मायदेशी जाताना आपली लढाईच्या आधीची स्पोर्ट्‌स कार विकून गेला, ती यांनी घेतली. दोनच सीटची, बुटकी, फिकट हिरवी. दिसायला फार देखणी. तिची एक खोड होती. त्या काळी आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या मागच्या चाकांनी ढकलल्या जायच्या. ही पुढच्या चाकांनी ओढली जायची. पुढची चाकं वळायलाही लागतात. त्यामुळे त्यांना फिरवणारा शाफ्ट सरळसोट दांडा असून चालत नाही. आपल्या हाताला जसं कोपर, तसे त्याला जॉइंट असतात. जॉइंटच्या आत एक क्रॉस आणि क्रॉसच्या टोकांवर सुयांसारखी बारीक बेअरिंग. मला टोचली ती तीच सुई.

साहेबांची तक्रार होती की गाडी वळवताना टक-टक आवाज येतो. आम्ही दोन दिवस मागची चाकं खोलून बसलो. आवाज आला की मागे वाकायचं, ही सवय. मागे काही सापडेना, तेव्हा मी पुढे जॅक लावला. एका हाताने शाफ्ट घट्ट धरला, दुसऱ्या हाताने चाक मागेपुढे हलवलं. शाफ्ट जागचा हलला नाही, तरी चाक चांगलं दोन बोटं फिरलं. याला आम्ही प्ले म्हणतो. उजव्या बाजूचा जॉइंट झिजला होता.

तात्यांना सांगितलं. ते खड्ड्यात उतरले, स्वतः चाक हलवून बघितलं.

"पार्ट कुठनं आननार?"

"विलायतेहून. बोटीने यायला सहा-सात महिने."

"आन् साहेब उद्या आईला घिऊन निघालाय. मार आवाज."

आवाज मारणं हा आमच्या धंद्यातला शब्द होता. त्या रस्त्यावरच्या गॅरेजांत काम कानाने तपासलं जायचं. गिऱ्हाईक गाडीत बसायचं, एक चक्कर मारायचं, आवाज आला नाही की खूश. मग आम्ही काय करायचो, तर जाड ग्रीसमध्ये तागाचे धागे बारीक कापून मिसळायचे, ते जॉइंटमध्ये ठासून भरायचं आणि वरची चामड्याची पिशवी तारेने करकचून बांधायची. झिजेची सगळी जागा भरून जाते आणि आवाज पार दबतो. रोग तिथेच असतो. हे काम माझ्याइतकं सफाईने दुसऱ्या कुणाला जमत नसे. लोक माझं कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं, हे कबूल केलं पाहिजे.

खरं तर जुनं ग्रीस काढलं की ते बोटांत चोळून बघायचं असतं. चकाकलं तर समजायचं की आत लोखंड खाल्लं जातंय. मी बघितलं नाही. दिसलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं, म्हणून बघितलं नाही. मुंबईपर्यंत जाईल, असं स्वतःला सांगितलं आणि हात पुसले.

आता तीन मोडक्या सुया फडक्यावर पडल्या होत्या. म्हणजे जॉइंट नुसता झिजलेला नव्हता, आतून फुटत चालला होता. त्यात या गाडीचा पुढचा ब्रेक चाकांत नव्हता. दोन्ही शाफ्टच्या मुळाशी, इंजिनापाशी एकच ड्रम होता. ब्रेक दाबला की तो ड्रम आवळायचा आणि ती पकड शाफ्टमधून चाकांपर्यंत जायची. एक शाफ्ट मोडला की सगळा जोर त्या मोकळ्या टोकालाच वाया जातो, दुसऱ्या चाकालाही पकड मिळत नाही; मग ड्रम आवळून काही उपयोग नाही. इंजिनाने गाडी रोखून धरावी, तर तेही त्याच शाफ्टमधून. राहता राहिले मागचे ब्रेक, ते केबलचे आणि नावापुरते. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं आणि डोळ्यांपुढे घाटाची वळणं उभी राहिली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि डोळ्यांनी धड न दिसणारी म्हातारी सीटला धरून बसलेली.

मी फडकं तसंच उचलून तात्यांकडे नेलं. ते चहा पीत होते. त्यांनी सुया बघितल्या. कप खाली ठेवला.

"आवाज तर बंद हाय न्हवं?"

"आहे. पण घाटात शाफ्ट तुटेल."

"तुटंलच असं न्हाई. ह्ये कुनाला बोलू नगंस. गॅरेजचं नाव जाईल."

"तात्या, तुम्ही नाही आलात तर मी साहेबांच्या मागे पायी निघतो."

तात्यांना मी पहिल्यांदाच उलट बोललो होतो. खोली जाणार, नोकरी जाणार, हे दिसत होतं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा फडक्याकडे. एक शिवी हासडली. ती मला होती की स्वतःला, हे मला आजही माहीत नाही. मग शेडमागून त्यांनी मिलिटरीच्या लिलावातली मोटरसायकल काढली.

"बस मागं. पाना घे."

निघताना साहेबांच्या आई मला म्हणाल्या होत्या, "लोणावळ्याला बहिणीकडे जेवू आणि मग घाट उतरू." सगळी आशा त्या जेवणावर होती. लवकर आटोपलं असेल तर? ऊन व्हायच्या आत निघू म्हणून जेवण रद्दच केलं असेल तर? तात्या मोटरसायकल पळवत होते आणि मी प्रत्येक मोरीखाली डोकावत होतो. वडगावच्या पुढे रस्त्याच्या कडेला माणसांचं कोंडाळं दिसलं आणि मी तात्यांचा खांदा आवळला. जवळ गेलो तर उलटलेली बैलगाडी आणि सांडलेली ज्वारी. मला हायसं वाटलं. दुसऱ्याचं धान्य मातीत पडलेलं बघून हायसं वाटावं, इतका मी घाबरलो होतो.

कामशेत गेलं, मळवली गेलं. गाडी कुठे दिसेना. लोणावळ्यात शिरलो तेव्हा बारा वाजत आले होते. बाजार ओलांडून शेवटच्या घरांपाशी पोचलो तर एका फाटकासमोर हिरवी गाडी. इंजिन चालू. आई सीटवर बसल्या होत्या, नऊवारीवर शाल, कानांवरून मफलर. साहेब दार लावत होते.

"शांताराम? तू इकडे कसा?"

मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "साहेब, एक नट आवळायचा ऱ्हायलाय."

"मग आवळ की, शांताराम. पाना आणलायस ना?"

"नट नाही साहेब," मी म्हणालो. "उजवा जॉइंट फुटलाय. गाडी घाटात नेऊ नका."

साहेब हसले. "अरे, दापोडीपासून इथवर आलो. एकदाही टक झालं नाही. कालपेक्षा गाडी छान चाललीय."

"आवाज मी मारलाय."

"म्हणजे?"

मी त्यांना फाटकाकडे नेऊन सगळं सांगितलं. तात्या मान खाली घालून उभे होते. साहेबांचा विश्वास बसेना. त्यांचंही काय चुकलं? काल मीच त्यांना गाडीत बसवून चक्कर मारून दाखवली होती आणि म्हणालो होतो, "ऐका, आहे का आवाज?" आज मीच सांगत होतो की गाडी मोडायला आली आहे. ते घड्याळ बघायला लागले. संध्याकाळच्या आत आईंना दवाखान्यात दाखल करायचं होतं.

मी जाऊन बॉनेटसमोर उभा राहिलो. "दहा मिनिटं द्या. आईंना खाली उतरवा. आवाज परत आला नाही तर मला पोलिसात द्या."

चामड्याची पिशवी सोडली. जॉइंट चालून चालून इतका तापला होता की बोटं पोळली. तरी कालवलेलं सगळं ग्रीस खरवडून काढलं. मग समोरच्या मोकळ्या मैदानात गाडी घेतली. मी चालवतो म्हणालो, पण साहेबांनी ऐकलं नाही. स्वतः स्टीअरिंगवर बसले आणि मला आईंच्या जागी बसायला सांगितलं.

गाडी डावीकडे पूर्ण वळवून गोल फिरवायची, म्हणजे सगळा जोर उजव्या चाकावर येतो. पहिल्या फेरीत काही नाही. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या फेरीत बारीक टक-टक सुरू झालं. तिसऱ्या फेरीत ते इतकं मोठं झालं की फाटकापाशी उभे असलेले तात्या दोन पावलं मागे सरले.

"बास साहेब," मी ओरडलो.

त्यांनी ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी पायाखाली खाडकन दणका बसला. मोडका शाफ्ट गाडीच्या तळावर आपटत होता. साहेब ब्रेकवर जवळजवळ उभे राहिले होते, आणि गाडी चाललीच होती. वेग जेमतेम सायकलीचा होता, जमीन सपाट होती, तरी ती घरंगळत राहिली. शेवटी पुढचा बंपर मैदानाच्या दगडी बांधाला टेकला, तेव्हा थांबली.

साहेबांनी पाय ब्रेकवरून काढला नाही. इंजिन बंद झालं होतं. पुढे अर्ध्या-पाऊण तासात ते जिथे असणार होते, त्या दिशेला ते बघत होते. मीही बघत होतो.

"काल तुला माहीत होतं?" त्यांनी हळू विचारलं.

"झिजलाय हे माहीत होतं. किती, ते मी बघितलं नाही."

ते दार उघडून खाली उतरले.

आई तात्यांचा हात धरून चाचपडत आल्या. "काय रे झालं?"

"गाडी मोडली, आई. गॅरेजचा शांताराम सांगायला आला होता."

"दापोडीहून? एवढ्या लांब?" त्यांनी हात पुढे केला. मी मागे सरलो, म्हणालो, "माझे हात काळे आहेत." त्यांनी तरीही माझे पोळलेले, ग्रीसने माखलेले हात दोन्ही हातांत घेतले. "देवासारखा धावून आलास रे बाबा."

मी साहेबांकडे बघितलं. ते आता सगळं सांगतील आणि सांगायलाच हवं, असं मला वाटलं. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. उद्या ऑपरेशन होतं, म्हातारीला धक्का नको, असं असेल. मला मात्र एखादी थोबाडीत परवडली असती.

दुपारच्या आगगाडीने ते मुंबईला गेले. ऑपरेशन चांगलं झालं. मोटार आम्ही ट्रकला बांधून दापोडीला आणली. विलायतेहून जॉइंट आले तेव्हा साहेबांनी मलाच बसवायला सांगितले, आणि पूर्ण वेळ शेजारी स्टूल टाकून प्रत्येक बोल्ट बघत बसले. तात्यांनी मला काढलं नाही. आवाज मारणंही त्यांनी बंद केलं नाही, फक्त मला सांगायचं बंद केलं. पुढे मी याच धंद्यात चाळीस वर्षं काढली. गिऱ्हाईक आवाज बंद करा म्हणालं की मी म्हणायचो, थांबा, आधी तो काय सांगतोय ते बघू. अशाने बरीच गिऱ्हाईकं शेजारच्या गॅरेजात गेली.

आईंना चांगलं दिसायला लागलं होतं. त्या होत्या तोवर दर दिवाळीला माझ्यासाठी फराळाचा डबा यायचा, वर त्यांच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, "आमचा जीव वाचवणाऱ्या शांतारामास." पहिल्या वर्षी डबा परत पाठवून खरं काय ते कळवायचं मी ठरवलं होतं. पण धीर झाला नाही. अकरा वर्षं मी तो डबा घेतला.