मांजरावर हरकत असल्यास

साध्या गोष्टीचा गुंता करण्यात माझ्या थोरल्या मेहुण्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या केज तालुक्यात मिळायचा नाही. उभा जन्म तलाठी म्हणून काढला, निवृत्त होऊन आमच्या नांदूरघाटात माझ्याच भिंतीला भिंत लावून राहायला आले, आणि सरकारनं यांना सोडलं तरी यांनी काही सरकारला सोडलं नाही. चष्मा हरवला की माझ्या बायकोला, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या बहिणीला, चतुःसीमा सांगून शोधायला लावणार. पूर्वेस तांब्या, दक्षिणेस पानाचा डबा, उत्तरेस भिंत! चष्मा बहुतेक कपाळावरच असायचा. आमच्या शेवग्याची फांदी त्यांच्या अंगणात झुकली, तर ती किती आत आली हे हा गृहस्थ टेप लावून मोजत बसला. शेंगा खाल्ल्याच, पण 'हक्क राखून' खाल्ल्या.

दिवाळीनंतर त्यांच्या पडवीत एक राखाडी मांजरी येऊ लागली. दुसरा कुणी असता तर त्यानं वाटीभर दूध घातलं असतं, नाहीतर चप्पल फेकून मारली असती. यांनी वही काढली. मांजरी कधी आली, कुठल्या भिंतीवरून गेली, सगळं लिहून ठेवू लागले. "दाजी, ही झाडूला भेत न्हाई," ते मला गंभीरपणे म्हणाले. "भाकर नुस्ती खात न्हाई, कुस्करून दिली की खाती. ही घरात वाढल्याली हाय. मालक निघाला तर? दुसऱ्याच्या जनावराला दूद घालनं म्हंजी आतिक्रमनच की!" मी म्हणालो, "अहो, मांजर आहे ते, सातबारा नाही." त्यांनी माझ्याकडे, अडाणी खातेदाराकडे पाहावं तसं पाहिलं. मग रीतसर पंचनामा झाला. मादी, रंग राखाडी, उजव्या कानास चीर. पंच म्हणून खाली माझी सही. ती करताना मला स्वतःचीच लाज वाटली.

त्यानंतर नोटीस निघाली. मांजरावर कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी, नंतर आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही. खळीचा डबा घेऊन ते गल्लीभर फिरले आणि दारोदार कागद डकवून आले. आता त्या दिवसांत आमची निम्मी गल्ली ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं. मी तसं म्हणालोही. "कुलपाला चिटकवली की बजावली," ते म्हणाले. "सारी नोकरी आमी असंच केलं." सोळाव्या दिवशी त्यांनी वहीत शेवटचा शेरा मारला आणि मांजरी बेवारस ठरून त्यांच्या मांडीवर चढली. हा किस्सा मी केजच्या बाजारात रंगवून सांगितला आणि फुकटचा चहा प्यालो.

पण वहिनी, म्हणजे मेहुण्यांची बायको, गेल्यापासून ज्या घरातून कुरकुरीखेरीज आवाज यायचा नाही, तिथून त्या हिवाळ्यात हसू ऐकू यायला लागलं. सकाळी दूध कोमट करताना ते मांजरीशी गप्पा मारायचे. बायको म्हणाली, "आन्ना बोलाया लागले बघा." मी म्हणालो, "माणसांशी कधी बोलणार?"

गुढीपाडवा झाला आणि ऊसतोडीची माणसं परतली. मेहुण्यांच्या पलीकडच्या घराचं कुलूप निघालं, त्या घरच्या बाईनं उंबऱ्यातूनच "चिंगेऽ" अशी हाक मारली, आणि त्यांच्या मांडीवरची मांजरी भिंतीवरून उडी टाकून पळाली. मेहुणे वही घेऊन निघाले. तमाशा बघायला मीही मागोमाग गेलो, खोटं कशाला बोलू?

चिंगी बाईच्या पायाला अंग घासत होती. "भाऊसाब, तुमी संभाळली व्हय? लई उपकार झाले," बाई म्हणाली. "मागल्या साली संगं न्हेलती, तर ट्रॅक्टरातून उडी मारून गेलती. म्हनून औंदा हितंच ठिवली. जीव लई लागून हुता हिच्यात."

मुदत संपल्याचं ते आता सुनावणार, अशी मला खात्री होती. मेहुणे मात्र दारावरचा उन्हानं पिवळा पडलेला स्वतःचाच कागद वाचत उभे राहिले. सबंध वाचला. मग नखानं खरवडून काढला.

"कुलपाला वाचता येत न्हाई, दाजी," ते हळूच म्हणाले. "नोकरीत किती कुलपांना नोटिसा डकवल्या आसतील मी. ती मान्सं परत आल्यावर काय झालं आसंल, कुनाला ठावं."

त्यांनी वही काखेत मारली, दोन पावलं गेले आणि वळून बाईला म्हणाले, "गार दूद देऊ नगा तिला. कोमट लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं त्यांच्या दारात हाक मारली. आतून ते म्हणाले, "आजपासून नगं." भिंतीच्या अलीकडे मी ते ऐकलं, आणि ज्या माणसाची मी आयुष्यभर टिंगल केली त्याच्यासाठी मला फार वाईट वाटलं.