एकशे बारा थोरले

आमच्या खुटबावात लग्नपत्रिकेत नवरा-नवरीचं नाव चुकलं तर कुणी फार मनावर घेत नाही. निमंत्रकांचा क्रम चुकला, तर मात्र भावकी दोन पिढ्या बोलत नाही. हे ठाऊक असूनही ज्ञानेश्वरीनं स्वतःच्या लग्नाची पत्रिका वेबसाइटवर करायचं ठरवलं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण ही शहाणी कुणाचा शब्द ऐकेल तर शपथ.

पोरगी हुशार, यात वाद नाही. केडगावात दुकानदारांना वेबसाइट करून देते. पीएचपी नावाच्या भाषेतून ती डेटाबेसला प्रश्न विचारते, त्याला क्वेरी म्हणतात, आणि येईल ते उत्तर पानावर मांडते. ती सातवीत असताना बाप गेला. आनंदराव आबांनी, म्हणजे तिच्या चुलत्यानं, तिला वाढवलं. कन्यादानालाही तेच बसणार होते.

तिनं भावकीतली एकशे बारा नावं बायामुलांसकट डेटाबेसात भरली आणि भांडण नको म्हणून अकारविल्हे मागवली. पहिलं नाव आलं अपेक्षाचं. अपेक्षा बालवाडीत आहे. आम्ही पोट धरून हसलो. आबा हसले नाहीत.

मग तिनं क्वेरी बदलली, थोरला आधी. आधार कार्डावरच्या जन्मतारखा भरल्या. आता, पूर्वी शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून लावायचे. आबा आणि त्यांचे चुलतभाऊ हरिबा एकाच दिवशी शाळेत गेले, त्यामुळे दोघांचं सालही एकच लागलं. खरं तर आबा दोन वर्षांनी थोरले. डेटाबेसला त्याचं काय? बरोबरीतल्या दोघांपैकी त्यानं हरिबांना वर ठेवलं. हरिबांनी डेअरीत दूध घालायला येईल त्याला मोबाइल दाखवला.

आबांनी निरोप धाडला की कन्यादान आता हरिबालाच करू द्या. ज्ञानेश्वरी समजूत घालायला गेली, तर ते गोठ्यात जाऊन म्हशीकडं तोंड करून बसले. लग्न आठ दिवसांवर आलेलं. आबा नसतील तर मी मांडवात पाऊल ठेवणार नाही, असं ती मला म्हणाली आणि रडली. मलाही वाईट वाटलं.

रडून झाल्यावर तिनं तिसरी क्वेरी लिहिली. तिची ही लबाडी मला फार आवडली. प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर वेगळी लिंक, लिंकमध्ये ज्याचा त्याचा नंबर. पान उघडलं की पीएचपी तो नंबर बघणार आणि डेटाबेसला सांगणार, याचं नाव पहिलं, बाकीचे मागून. एकशे बारा लिंका, एकशे बारा थोरले. दुपारपर्यंत सगळी भावकी गोड झाली. मीही पहिलाच होतो, आणि खोटं कशाला बोलू, दोनदा स्क्रीनशॉट काढला.

आबा कन्यादानाला तयार झाले. ज्ञानेश्वरीला मात्र धास्ती होती, कुणी दोन मोबाइल शेजारी धरले तर?

हळदीच्या दिवशी आबांनी तिला बाजूला बोलावलं. हातात दोन मोबाइल होते, एक त्यांचा आणि एक साखरबाईंचा, म्हणजे तिच्या चुलतीचा. दोन्हींवर पत्रिका उघडी. चुकलं आबा, आत्ता दुरुस्त करते, असं ती म्हणाली.

"मला पहिल्याच दिवशी कळलंय," आबा म्हणाले. "हात लावू नगंस त्याला. घरात एवढी लग्नं झाली, पर हिचं नाव कुठल्या पत्रिकंत कवा लागलंच न्हाई. मी बी कवा लावलं न्हाई. आता भाकरी थापता थापता उघडून बघती. काचंला सगळं पीठ लागलंय बघ."

ज्ञानेश्वरीनं काचेवरून बोट फिरवून बघितलं.

"मी तुझ्यावर अजून रुसलेलोच हाय," आबा म्हणाले. "कन्यादानाला बसतोय ते तिच्यासाठी."