डोळे मिटण्याची घाई

नव्या मुंबईत पाळक म्हणून माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत कामाला आलेली नगर-जालन्याकडची कुटुंबं, एवढीच आमची मंडळी. स्वतःचं चर्च नव्हतं. वाशीतल्या एका शाळेच्या वर्गात रविवारची उपासना व्हायची आणि मोठमोठी माणसं दुसरीतल्या मुलांच्या बाकांवर गुडघे आपटत बसायची.

घरभेटींचा मला भारी अभिमान. सायकलवर एका संध्याकाळी सात घरं. पद्धत ठरलेली. तब्येतीची चौकशी, चहा, एक स्तोत्र, प्रार्थना, पुढचं घर. मग डायरीत नावापुढे खूण. कुणाचं सासू-सुनेचं निघालं, कुणी रडकुंडीला आलं, की मी म्हणायचो, "देवापुढे ठेवू या," आणि डोळे मिटायचो. पाळकाने डोळे मिटले की समोरच्याला मिटावेच लागतात. प्रार्थनेत मध्येच कोण बोलणार? 'आमेन' झालं की माझे पाय चपलांत. लोक म्हणायचे, प्रार्थना करावी तर आमच्या पाळकसाहेबांनी. मी फुशारून जायचो.

बायकोने एकदा टोकलं. म्हणाली, "तुम्ही प्रार्थना करता की दार लावून घेता?" मला राग आला. दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोललो. क्षमेवरचा उपदेश मात्र त्याच रविवारी दिला, आणि तो रंगलाही.

सानपाडा गावात एक मावशी राहायच्या. जन्मभर नगरकडे, आपल्याच गावी, मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. पुतण्याची नोकरी इकडे म्हणून त्या आल्या, तो आखातात निघून गेला आणि त्या मागे राहिल्या. गावातल्याच एका आगरी बाईच्या चाळीत त्यांची खोली होती. ही घरमालकीण मला 'फादर' म्हणायची. आम्ही फादर नव्हे, पाळक, आम्हाला बायका-मुलं असतात, असं मी तिला दोनदा समजावलं आणि मग नाद सोडला.

मावशी दर भेटीला चहाचा कप पुढे करत म्हणायच्या, "पाळकसाहेब, एक बोलायचं होतं."

"देवापुढे ठेवू या, मावशी." माझे डोळे मिटलेले.

असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी 'आमेन'नंतर त्या म्हणाल्या, "बरं, पुढच्या वेळी बोलू." मी डायरीत खूण केली आणि सायकल काढली.

पुढची वेळ आलीच नाही. एका पहाटे मावशी झोपेतच गेल्या. मी पोचलो तेव्हा खोलीत मंडळी जमली होती. जवळपास आमची दफनभूमी नव्हती, म्हणून ठाण्याला विचारावं असं चाललं होतं. तेवढ्यात आमच्यातले सगळ्यात जुने गृहस्थ, ज्यांच्या शब्दाबाहेर मंडळीत कुणी जात नसे, माझ्याकडे वळले.

"घाई नको. मावशी म्हणाल्या होत्या, माझ्या मातीचं मी पाळकसाहेबांना सांगून ठेवणार आहे. काय सांगितलं त्यांनी, साहेब?"

सगळी खोली माझ्या तोंडाकडे बघायला लागली. खरं सांगतो, 'आधी प्रार्थना करू या' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पापण्या खाली यायला लागल्या होत्या. दोन मिनिटं मिळाली असती, मग मी शांतपणे 'ठाणे' म्हणालो असतो आणि कुणालाही कळलं नसतं. भिंतीशी बायको उभी होती. ती माझ्या पापण्यांकडेच बघत होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "त्यांनी चार वेळा सांगायला घेतलं. मी ऐकून घेतलं नाही. प्रत्येक वेळी प्रार्थना केली आणि निघून गेलो."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्या दिवसापर्यंत मी समजत होतो, पाळक म्हणजे दुसऱ्यांना वाट दाखवणारा. आधी स्वतःला आवरायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. किंवा शिकवलंही असेल, तेव्हाही मी डोळे मिटले असतील.

"मना ठाव हाय," दारातून आवाज आला. घरमालकीण इतका वेळ उंबऱ्याबाहेरच उभी होती. "तिला गावाला न्याची हाय. तिच्या घोवाच्या बाजूला, चिंचेखाली. पेटीत पांढरा पातळ पन काढून ठेवलाय तिनी."

पेटी उघडली. घडी घातलेलं पांढरं पातळ सगळ्यात वर होतं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"कसा म्हंजे? रोज सांजचे आमी वट्यावर बसाचो. ती बोलाची, मी आयकाची. मना कुटं तुमची परार्थना येते?"

कारखान्यातल्या एकाने टेम्पो आणला, बर्फ आणला. दुपारच्या आत आम्ही नगरच्या वाटेला लागलो. घरमालकीणही निघाली. घरच्यांनी नको म्हटलं तरी ऐकेना. टेम्पोच्या मागच्या भागात मावशींच्या एका बाजूला ती बसली, दुसऱ्या बाजूला मी. पनवेल मागे पडलं तेव्हा मी तिला म्हणालो, "मावशींचं काय काय ते सांगा."

ती सांगत राहिली. तिच्या सुनेचं बाळंतपण मावशींनी कसं केलं. पुतण्याचं पत्र आलं की त्या ते तिला दोनदा वाचून कशा दाखवायच्या. ठाण्याला, अनोळखी माणसांत पडून राहायची त्यांना कशी भीती वाटायची. आणि त्यांनी कितीदा म्हटलं होतं, आमच्या पाळकसाहेबांना वेळ नसतो गं, कामाचा माणूस आहे तो. मला तिथेच गुडघे टेकून प्रार्थना करावीशी वाटली. फार वाटली.

घाट चढून गेलो, ऊन कललं, तरी ती बोलतच होती. मी मध्ये एकदाही डोळे मिटले नाहीत.