पंचवीस कलमांचं हेलिकॉप्टर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात शहाणपणाचा कणही नाही. बोईसरच्या एमआयडीसीत मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून अख्खी नोकरी काढली, एकाही कामगाराच्या बोटाला खरचटू दिलं नाही, आणि रिटायर झाल्यावर सातपाटीच्या पन्नास बायकांच्या तावडीत सापडलो. कशापायी? तर खेळण्यातल्या हेलिकॉप्टरपायी!

त्याचं असं झालं. ही जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा अमोल कॅनडात. मूळ गाव कराडकडं, पण तिकडं आता मला ओळखतंय कोण? म्हणून राहिलो बोईसरच्याच फ्लॅटमध्ये. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, पेपरवाला पेपर फटीतनं सरकवतो. कधीकधी संध्याकाळी ध्यानात येतं, अरे, आज दिवसभरात आपण तोंडच उघडलेलं नाही! मग मी कुकरशी बोलतो. तो निदान शिट्टी तरी मारतो.

अमोल दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करायचा. "बरे आहात ना? जेवलात का? गोळी घेतली?" तीन वेळा "हो" म्हटलं की चार मिनिटांत विषय संपला. त्याचा दोष नाही हो. माझ्याकडंच सांगण्यासारखं काही नसायचं.

तर माझ्या वाढदिवसाला त्यानं पार्सल पाठवलं. हातभर लांबीचं, रिमोटवर चालणारं हेलिकॉप्टर! म्हणाला, "बाबा, काहीतरी छंद लावून घ्या. उडवायला आलं की मला दाखवा."

दाखवा म्हणाला! म्हणजे एक तरी कॉल चार मिनिटांच्या पुढं जाणार. मी लागलो कामाला.

तुम्हाला वाटेल, बटण दाबलं की उडालं. कुठलं काय! गच्चीवर पहिल्यांदा चालू केलं तर ते जागच्या जागी गरागरा फिरायला लागलं. शेपूट स्थिर ठेवायची एक सेटिंग असते, ती मी उलटी लावली होती. ती सुलटी केली, तर वरची दोन पाती एका पातळीत फिरेनात, एक वर, एक खाली, आणि सगळं अंग थडथड थडथड. पात्यांच्या टोकांना लाल आणि निळी पट्टी चिकटवली, कुठलं पातं वर पळतंय ते बघितलं, स्क्रू पाव पाव फेरा पिळला. हे सगळं वहीत तारीख-वार लिहिलं. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू एकदा वर येऊन विचारून गेला, "अंकल, ये पंखा कब लगेगा?" त्या आठवड्यात माझ्याशी बोललेला तो एकटाच माणूस.

शेवटी उडालं. पण मेख अशी की, त्याची शेपूट माझ्याकडं असेपर्यंतच मला ते चालवता येई. तोंड माझ्याकडं वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि माझी बोटं गोंधळतात. म्हणजे पाठवायला यायचं, परत आणायला यायचं नाही. थोडं लांब गेलं की उतरवायचं आणि चालत जाऊन उचलून आणायचं.

आता दाखवायचं कुठं? बोईसरमध्ये विजेच्या तारा आणि कारखान्यांच्या चिमण्या. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बाजूला काही उडवलं तर पोलीसच घरी यायचे. म्हणून सातपाटीचा किनारा ठरवला.

आणि इथं माती खाल्ली मी! मशीन चालू करायचं म्हणजे सेफ्टी आली. ही सवय हाडात मुरलेली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट, हातात पंचवीस कलमांची चेकलिस्ट. वाळूत चार खुंट्या ठोकल्या, त्यांना लाल झेंड्या लावल्या, भोवती लाल-पांढरी पट्टी ताणली, मधोमध चुन्याचा गोल आखला. शेजारी बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. पण कुणाला विचारायचं असतं, हे माझ्या पंचवीस कलमांत कुठंच नव्हतं.

फोन स्टुलावर उभा केला, स्क्रीन माझ्याकडं. पोराचा चेहरा दिसायला नको? अमोलचा कॉल आला. "थांब रे," म्हटलं, "आज गंमत आहे."

तेवढ्यात बोंबील राखत बसलेली एक बाई उठून आली. हिराबाय तिचं नाव, हे मागनं कळलं.

"ओ सायेब, ह्या खुंट्या कोणी मारल्या?"

"मीच मारल्या की!" मी खूश. कुणीतरी आपणहून विचारत होतं!

"कोणी पाठवलं तुमाला?"

"कॅनडातनं पाठवलंय!" मी हेलिकॉप्टर दाखवत म्हटलं.

तिनं मागं वळून हाक मारली. दहा बायका आल्या.

"आजपुरतंच हाय, का परत येनार?"

"येणार की! दर रविवारी येणार. हळूहळू सगळा किनारा करायचाय."

वीस झाल्या.

"आनि वरून काय बगनार?"

"मी नाही हो. तो बघतोय तिकडनं, लाइव्ह!" मी फोनकडं बोट केलं.

पन्नास! काही पुरुषही आले. सगळे उभे, हात कमरेवर. इतकी माणसं माझ्यासाठी हिच्या दहाव्यालासुद्धा जमली नव्हती. मी हेल्मेट सरळ केलं. "पट्टीच्या बाहेर थांबा, सगळ्यांना दिसेल," असं वर ऐटीत म्हणालो. त्यांच्याच वाळवणाच्या जागेत त्यांनाच! आता आठवलं की कानशिलं तापतात.

उडवलं. सुंदर उडालं! डोक्याएवढं वर गेलं, स्थिर राहिलं. मी ओरडलो, "अमोल, बघतोयस ना?" आणि समुद्रावरनं वाऱ्याचा झोत आला. हेलिकॉप्टरनं गिरकी घेतली आणि तोंड माझ्याकडं केलं.

संपलं! मी डावीकडं दाबतोय, ते उजवीकडं पळतंय. शेवटी घुसलं ते थेट बोंबलांच्या मांडवात! फटफटफटफट! बोंबील आकाशात, एक माझ्या हेल्मेटवर, आणि हेलिकॉप्टर दोरीला बोंबलांच्या रांगेत उलटं लटकलेलं.

हिराबायनं एक खुंटी उपटली आणि ती घेऊन समोर उभी राहिली. "आता बोल. कुठली कंपनी? कसला सर्वे? आमाला न विचारता जमीन मोजता काय?"

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. हेल्मेट, जाकीट, खुंट्या, झेंड्या, चुना! ही माणसं बघायला नव्हे, मला हाकलायला जमली होती.

"सर्व्हे नाही हो बाई. खेळणं आहे."

"खेळनं? मंग मानसं किती हायेत तुमची?"

"एकटाच आहे."

"आनि घरी?"

"घरीपण."

ती माझ्याकडं बघतच राहिली. खुंटी खाली आली. मग फोनपाशी वाकून तिनं विचारलं, "काय रं पोरा, हा म्हातारा तुजा?"

"हो मावशी, माझे बाबा."

"मंग असा सुटा कसा सोडला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पन्नास जणी सुटल्या. मीही हसलो. दुसरं करणार काय? गुडघ्यांवर बसून वाळूतले बोंबील वेचायला लागलो.

थोड्या वेळानं फोन बघितला, तर अमोल अजून तिथंच! एक तास होत आलेला.

"काय मग," मी म्हटलं, "पडायच्या आधी बरं उडालं होतं ना?"

"बाबा, हेलिकॉप्टर दिसलंच नाही."

"म्हणजे?"

"कॅमेरा तुमच्याकडंच होता. अख्खा वेळ मला नुसते तुम्हीच दिसत होतात." मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, "किती वाळलात हो बाबा. एवढा वेळ तुम्हाला बघितलंच नव्हतं मी."

बोंबलांच्या ढिगात बसलेल्या माणसाला वाळलेला म्हणतोय! मी नाक पुसलं आणि म्हटलं, "जेवलास का रे तू?"

हेलिकॉप्टरची दोन्ही पाती गेली, शेपूट वाकली. दुरुस्त होईल, घाई नाही. रविवारी मी सातपाटीला बोंबलांवरचे कावळे हाकायला जातो. हिराबाय म्हणते, काठी मला हेलिकॉप्टरपेक्षा बरी चालवता येते. फोन स्टुलावर असतोच. आणि चेकलिस्टमध्ये सव्विसावं कलम लिहिलंय, खाली दोन रेघा मारून: कॅमेरा पलीकडं फिरवायचं बटण चुकूनसुद्धा दाबू नये.