कापूस न अडकणारी पाती

निघण्याच्या दिवशी दुपारी अंबरनाथच्या घरात चार बॅगा दारात उभ्या होत्या आणि हातातला वजनकाटा पुनःपुन्हा तेच सांगत होता: एक किलो जास्त. आईनं लोणच्याची बरणी मागे घेतली, मी कवितांची दोन पुस्तकं काढून फळीवर ठेवली, तरी काट्याचं समाधान होईना. मग सगळ्यांचे डोळे माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या, हॉकीच्या बुटांवर गेले. तळव्याखाली ॲल्युमिनियमची जाड चॅसी आणि तिच्यात एका रांगेत बसवलेली चार चाकं. बदलापुरातल्या एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर ती दोन वर्षं याच प्रकारचे बूट घालून काळ्या चकतीमागे धावत आली होती. हे नवे बूट वाढत्या पायाला पुरावेत म्हणून दोन नंबर मोठे घेतलेले, आत दोन जोड मोजे घालून वापरायचे.

मुक्ताचे वडील सहा महिने आधीच कॅनडाच्या मैदानी मुलखातल्या एका शहरात पोहोचले होते. तिथं हाच खेळ बर्फावर खेळतात, चाकांऐवजी पोलादी पात्यांवर, एवढी बातमी त्यांनी कळवली होती. तरी मी म्हटलं, बूट इथंच राहू देत. नऊ वर्षांच्या मुक्तानं ते छातीशी धरले.

माझे बाबा गॅलरीतून आत आले. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढलेला माणूस. निवृत्तीनंतर गॅलरीत एक व्हाइस, दोन कानशी आणि एक हातड्रिल एवढा संसार मांडून बसलेला. ते म्हणाले, "जड चाकं आहेत, बूट नाहीत. चाकं राहतील. बूट जातील."

आणि त्यांनी कपाटामागून एक पुडकं काढलं. आठ दिवसांपूर्वी उल्हासनगरच्या बाजारात, परदेशातून गठ्ठ्यानं येणारा जुना माल विकणाऱ्या एका सिंधी दुकानदाराकडे त्यांना बर्फावरच्या पात्यांची एक जोडी सापडली होती. दुकानदार हसला होता म्हणे: साईं, ये बरफ का माल है, इधर तो बरफ गोले में मिलता है. बाबांनी ती जोडी मुक्तासाठी लपवून ठेवली होती.

ती दुपार माझ्या कानांत आणि नाकात अजून आहे. जुन्या रिव्हेटांची डोकी ड्रिलखाली तापून उडत होती आणि गॅलरीत तापल्या धातूचा, किंचित रक्तासारखा वास पसरला होता. चॅसी सुटली तेव्हा बुटांचे तळवे उघडे पडले, भोकाभोकांचे. बाबांनी टाचेपासून चवड्यापर्यंत दोरा ताणून मधली रेघ आखली, पात्यांचे पांढरे प्लास्टिकचे पाय त्या रेघेवर टेकवले आणि तांब्याची नवी रिव्हेटं ठोकून बसवली. मग पात्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि कपाळाला आठी घातली.

"हे असंच सोडलं बघ. बोट कापेल पोरीचं."

धातू कापला किंवा घासला की त्याच्या काठाला एक बारीक, काटेरी ओठ उरतो. कारखान्यात त्याला बर म्हणतात. तुकडा पुढच्या माणसाच्या हाती देण्याआधी ती बर काढायची, हा बाबांचा आयुष्यभराचा धर्म. त्यांनी तेलदगड घेतला आणि दोन्ही पात्यांचे चारही काठ हळूहळू, एखाद्या बाळाची नखं कापावीत तशा काळजीनं घासले. शेवटी कापसाचा पुंजका काठावरून टोकापर्यंत नेला. एक तंतूही अडकला नाही. "आता पास," ते म्हणाले. काटा पुन्हा उचलला तेव्हा वजन बरोबर भरलं. आम्ही टॅक्सीत बसलो. बाबा दाराशी उभे होते आणि हातावरचं तेल पुसायच्या निमित्तानं मान खाली घालून होते.

तुम्ही जे मागे राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, त्या दोघांनाही सांगते: त्या दुपारी आमच्यापैकी कुणीही बर्फाला गोठलेली जमीन म्हणून ओळखत नव्हतं. आम्हांला बर्फ म्हणजे उसाच्या रसात पडणारा खडा होता, गोळ्याचा रंगीत डोंगर होता.

सप्टेंबरात इथं मुलींच्या संघाची निवड होती. बंदिस्त रिंकला, म्हणजे छताखालच्या बर्फाच्या मैदानाला, स्वतःचा एक वास असतो: ओलसर हातमोजे, रबरी चटया, कागदी पेल्यातली कॉफी आणि या सगळ्याखालून येणारा गार, कोरा, कशाचाच नसलेला वास. बाकीच्या मुली निघाल्या की कापड टरकावल्यासारखा आवाज येई. त्या थांबत तेव्हा पायांपाशी पांढऱ्या भुग्याचा पिसारा उडे. मुक्ताच्या पायांखालून कसलाच आवाज येत नव्हता. ती सरकत होती, साबण लावलेल्या मोरीत सरकावं तशी. वळायला गेली की पाय बाजूला निघून जात. पहिल्यांदा ती गुडघ्यावर पडली, मग कमरेवर, मग कोपरावर. प्रशिक्षक बाई प्रेमानं म्हणाल्या की महिन्याभरानं पुन्हा ये.

घरी येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आई, बदलापूरला मला येत होतं ते खोटंच होतं का गं?"

तोच प्रश्न मी रोज ऑफिसात स्वतःला विचारत होते. मराठीत पाच ओळींत आभाळ उभं करणारी मी, इथं साधी रजा मागताना वाक्याच्या मध्येच अडकत होते.

त्या रविवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, बाबांनी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न विचारला तो पात्यांचा. मुक्तानं निळं झालेलं कोपर उशीखाली घेतलं आणि म्हणाली, "आबा, एकदम मक्खन." बाबांचा चेहरा उजळला. मी शेजारी बसून हसले. आमच्याकडून हेच जात असे, मजेत आहोत. त्यांच्याकडूनही हेच येत असे. दोन्हीकडे तब्येती उत्तम, जेवणं वेळेवर, सगळं छान.

पात्यांचं गुपित फुटलं ते तीन आठवड्यांनी. रिंकच्या कोपऱ्यात धार लावून देणारी एक वयस्क बाई बसते. बुटाची नाडी बदलायला गेलो तर तिनं सवयीनं पातं उलटं केलं आणि अंगठ्याचं नख काठावर आडवं ओढलं. मग चष्मा लावून पुन्हा ओढलं. बर्फावरच्या पात्याच्या पोटात एक उथळ पन्हळ कोरलेली असते आणि तिचे दोन तीक्ष्ण काठ बर्फाला धरतात, हे तिनं मला दाखवलं. आमच्या पात्यांची पन्हळ शाबूत होती, पण चारही काठ गोल झाले होते. पडण्याचं कारण मुक्ता नव्हती.

बाई बराच वेळ ते पातं उजेडात फिरवत राहिली. तिच्या बोलण्याचा अर्थ मराठीत असा होता: ज्यानं हे केलं त्याचा हात फार सुंदर आहे, फक्त त्यानं बर्फ पाहिलेला नाही.

दहा मिनिटांत तिनं नवी धार चढवली. दुसऱ्या दिवशी मुक्ताच्या पायांखालून प्रथमच तो कापड फाटल्याचा आवाज आला. महिन्याभरानं ती संघात होती. बाबांना आम्ही फक्त शेवटची बातमी दिली. ते म्हणाले, बघ, पाती चांगली बसली होती ना. मी म्हटलं, हो.

एवढ्यावर हे थांबलं असतं तर ती एक निरुपद्रवी थाप होती. पण डिसेंबरात बाबा कॉलवर आले ते एका बुटासकट. मुक्ताची बदलापूरची मैत्रीण रिद्धी लडाखच्या गोठलेल्या तळ्यावर भरणाऱ्या शिबिराला निवडली गेली होती. तिच्या वडिलांनी पाती मिळवली होती आणि बूट घेऊन ते थेट अंबरनाथला आले होते. बाबांनी कॅमेऱ्यापुढे कापूस फिरवून दाखवला. "मुक्तासारखीच केलीत. चार दिवसांनी निघतेय पोरगी." मागून आईचा आवाज आला की हल्ली यांना जेवायलाही हाक मारावी लागते, मैदानावरची सगळी पोरं चाकं घेऊन येतात.

कॉल संपल्यावर मुक्ता माझ्यापुढे उभी राहिली. ती म्हणाली की रिद्धी पडेल आणि तिला वाटेल तिलाच येत नाही. मी म्हटलं, आबांना किती लागेल याचा विचार कर, चाळीस वर्षांत त्यांचा एक तुकडा नापास होऊन परत आला नाही. ती म्हणाली, "मग मी सांगू का?"

दुसऱ्या सकाळी मी फोन लावला. रात्री मनाशी रचलेली वाक्यं होती माझ्याजवळ, मऊ आणि गोल. इथलं हवामान, इथल्या खेळाची वेगळी पद्धत, पोलादाचे प्रकार. बाबांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं.

"बाय, सरळ बोल. माल परत आलाय का?"

"आलाय, बाबा."

मग मी सगळं सांगितलं. काठ, पन्हळ, धार, निवड. पलीकडे आमच्या गॅलरीखालून रिक्षा गेल्याचा आवाज आला, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं फोन ठेवतील.

"कुठं लागलं होतं तिला?" त्यांनी विचारलं.

कोपराला, मी म्हटलं, आणि गुडघ्याला. आता बरं आहे.

"आणि तू तीन महिने गप्प."

"तुम्हांला वाईट वाटेल म्हणून."

"वाटलंच की. पण चूक कळवायची असते, बाय. न कळवलेली चूक दुसऱ्या तुकड्यात जाते." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्या पन्हळीचा रेडियस किती?"

त्या प्रश्नातला आवाज वेगळा होता. चाळीस वर्षं रोज सकाळी ड्रॉइंग हातात घेणाऱ्या माणसाचा आवाज. मी धार लावणाऱ्या बाईकडे धावले आणि तिनं कागदावर लिहून दिलं, अर्धा इंच. बाबा रिद्धीचे बूट पिशवीत घालून औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या एका जुन्या सोबत्याच्या ग्राइंडिंग मशीनवर गेले, दगडाला आधी तेवढी गोलाई दिली आणि मग पाती घासली. या वेळी त्यांनी अंगठ्याचं नख काठावर आडवं ओढलं. नखाची साल निघाली तेव्हा त्यांनी मला फोटो पाठवला, नखाचा.

शिबिराच्या पाचव्या दिवशी रिद्धीची चित्रफीत आली. निळसर तळं, मागे उघडे डोंगर, टोपीत बुडालेली एक लहानशी आकृती. ती एकदा पडली, हसत उठली, वेग घेतला, पाय आडवे केले आणि जागच्या जागी थांबली. पायांपाशी पांढरा भुगा उडाला. बाबांनी ती चित्रफीत मला चार वेळा पाठवली.

त्यानंतरच्या रविवारी ते म्हणाले, आता आमच्याकडचं ऐक. ऑक्टोबरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. दोन दिवस रिद्धीचे वडील डबा घेऊन येत होते. आईची शुगर वाढलेली होती आणि बुद्धवंदनेला बसल्यावर तिच्या पायांना मुंग्या येत होत्या. आम्ही गेल्यापासून बाबा बदलापूरच्या त्या मैदानाकडे फिरकलेच नव्हते. मुलं त्यांच्याकडे येऊ लागली ती त्यांनी घराबाहेर पडणं सोडलं म्हणून. मी ऐकत होते आणि रडत होते, तरी छातीवरची एक शिळा हलल्यासारखं वाटत होतं. मग मीही सांगितलं, ऑफिसातल्या अडकलेल्या वाक्यांबद्दल. बाबा म्हणाले, रोज एक वाक्य पाठव, मी दुरुस्त करू शकणार नाही, पण ऐकीन.

येत्या मे महिन्यात आम्ही जाणार आहोत. बाबांनी रिव्हेटांऐवजी स्क्रू आणि आतून चपटे नट बसवायची युक्ती काढली आहे. पाती उतरवायची, चाकं चढवायची, एका तासाचं काम. मुक्ता बदलापूरच्या सिमेंटवर धावेल आणि परतताना तेच बूट पुन्हा बर्फाचे होतील. भोकं तीच राहतील, असं ते अभिमानानं सांगतात.

इथं कुणी घर कुठं असं विचारलं की पूर्वी मी एका गावाचं नाव सांगत असे आणि मग आवाज सांभाळत असे. आता मला घर गावाएवढं लहान वाटत नाही. ‘लागलं’ एवढं म्हटलं की जे आधी ‘कुठं?’ असं विचारतात, त्यांच्या कानांपर्यंत माझं घर पोहोचतं. ते कान अंबरनाथला आहेत आणि या गोठलेल्या शहरातही आता एकदोन सापडले आहेत.

परवा ऑफिसच्या पायऱ्यांवर माझाच पाय घसरला. मनगट सुजलं. मी दुसऱ्या हातानं फोन लावला आणि मजेत म्हणायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. आई रागावली. बाबांनी माझ्या बुटांच्या तळव्यांचा फोटो मागितला.