तारेत ओवलेल्या चिठ्ठ्या

माझी मुलगी आता तिशीच्या पुढे आहे. उजवा डोळा झाकला तर तिला समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे एवढं कळतं, काटे दिसत नाहीत. डावा डोळा जन्मापासूनच अधू होता, पण तो अधूच राहिला याचा दोष माझा. लोक समजूत घालतात, "तुम्हाला कुठे कळत होतं?" खरं आहे, मला कळत नव्हतं. पण कळून घ्यायची माझी तयारीही नव्हती.

मी साताऱ्याची. लग्न होऊन तंजावूरला आले ती अंगातली सातारी रग घेऊनच. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथली. घरात मराठी बोलायची, पण कागदावर उतरायची ती तमिळ. देवनागरी वाचणारं आमच्या गल्लीत शोधावं लागे. त्यांची मराठी ऐकून पहिल्या महिन्यात मला हसू आवरेना. शब्द जुन्या काळचे, सगळ्यांना 'अस्के', 'आणि' म्हणायला 'होर', आणि सूर सगळा तमिळ. एकदा माझ्या थोरल्या जाऊबाई पाहुण्यांशी बोलत होत्या आणि मी, हळदीच्या अंगाची नवी नवरी, चारचौघांत त्यांचं वाक्य दुरुस्त केलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी ही म्हण मला तेव्हा फार आवडायची. त्यातलं गाढव कोण, हे मात्र मी चुकीचं धरलं होतं.

तमिळ मी शिकले ती भाजीवालीपुरती. हवं, नको, जास्त आहे, कमी कर, आणि अंगाच्या अवयवांची नावं, कारण डॉक्टरकडे लागतात. अक्षरं शिकले नाही. आज ना उद्या आपण पुण्याकडे जाणार, मग कशाला ती जिलब्यांसारखी अक्षरं घोटायची, असं मी नवऱ्याला ठणकावून सांगायची. त्या वर्षांत नवे कारखाने निघत होते. त्याला नोकरी लागली, पण पुण्याला नाही, होसूरला. तो महिन्यातून एकदा यायचा. रविवारी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर मी त्याच्या फोनची वाट बघत उभी राहायची. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, मी आणि पोर. जाऊबाई तीन घरं सोडून राहायच्या.

मुलीची प्राथमिक शाळा पाच मिनिटांवर होती. शाळेची बातमी घरी यायची ती चिठ्ठीवर. सायक्लोस्टाइल केलेला अर्धा कागद, शाईचा वास येणारा, सगळा मजकूर तमिळमध्ये. खालची पट्टी सही करून फाडून परत द्यायची आणि वरचा भाग घरी ठेवायचा. मी तो भाग दाराआडच्या तारेत ओवून ठेवायची. साताऱ्याला माझे वडील दिव्याची बिलं आणि पावत्या अशाच तारेत ओवत, आणि आपलं घरही तसंच शिस्तीचं आहे याचा मला केवढा अभिमान. तारेतल्या एकाही कागदाचं एक अक्षर मला वाचता येत नव्हतं, ते सोडून द्या.

वाचायची पोर. पहिलीत असल्यापासून ती चिठ्ठी हातात धरून तमिळ वाचायची आणि मला मराठीत सांगायची. "उद्या सुट्टी." "नखं कापून यायचं." "पाण्याची बाटली आण म्हणून सांगितलेत." वाचताना ती मान एका बाजूला वळवायची. मला वाटायचं, नखरा. "मान सरळ ठेव, बगळ्यासारखी काय वाकडी करतेस," असं मी शेकडो वेळा ओरडले असेन. ती मान सरळ करायची, दोन ओळी वाचायची, की परत वाकडी. मी खाली झोकात देवनागरी सही ठोकायची आणि साताऱ्याला आईला पत्रात लिहायची की तुझी नात दोन भाषांत घडाघडा वाचते.

मधली एक गोष्ट सांगायला हवी. ती पहिलीत होती तेव्हा शाळेने आयांची सभा बोलावली होती. मी नवी साडी नेसून गेले. डब्यात काय द्यावं यावर बोलणं चाललं होतं. मला राहवेना. मी उठून माझ्या भाजीवालीच्या तमिळमध्ये काहीतरी सांगायला लागले. आधी एक बाई हसली, मग ओळच्या ओळ. वाईट मनाने हसल्या नसतील, पण हसल्या खऱ्या. मी खाली बसले. घरी येऊन स्वयंपाकघरात पदराचा बोळा तोंडात धरून रडले. पोर उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

त्यानंतर शाळेने मला पुन्हा कधी बोलावलं नाही. मला त्याचं नवल वाटायला हवं होतं. सुटल्यासारखं वाटलं.

पोर तिसरीत गेली त्या वर्षी, एका संध्याकाळी, तिच्या वर्गाच्या बाई घरी आल्या. मी दार उघडलं. बाईंच्या हातात तीन पट्ट्या होत्या. त्या भराभर बोलू लागल्या. मी नेहमीसारखं पोरीकडे पाहिलं.

"मी छान अभ्यास करते म्हणतात," पोर म्हणाली.

बाईंचा चेहरा छान अभ्यासाचा नव्हता. त्या पुन्हा बोलल्या आणि बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या डाव्या डोळ्याला बोट लावलं. त्यांनी 'कण्' म्हटलेलं मी ऐकलं. डोळा. एवढं तमिळ मला येत होतं.

"काय म्हणाल्या?"

"केसांना तेल लाव म्हणतात. डोळ्यांवर येतात."

तिने हे माझ्याकडे न बघता सांगितलं. बाईंनी त्या तीन पट्ट्या माझ्यापुढे धरल्या. तिन्हींवर माझी सही होती, मोठी, वेलांटीला वळण दिलेली. प्रत्येक सहीच्या वर दोन चौकोन होते आणि दुसऱ्या चौकोनात पेन्सिलीने बरोबरची खूण केलेली होती. ती खूण मी केलेली नव्हती.

मी बाईंना हातानेच बसायची खूण केली, पोरीला आत पिटाळलं आणि चपला न घालता जिना उतरले. जाऊबाईंच्या दारात उभी राहिले तेव्हा मला नऊ-दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना हाक मारायची होती आणि काय म्हणून मारावी ते सुचेना.

"अक्का," मी म्हटलं, "वाचायला याल का?"

त्या भात वेळत होत्या. तपेलं तसंच ठेवून हात पुसत त्या आल्या. एक शब्द टोचून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

बाईंचं म्हणणं त्यांनी मला सांगितलं. दुसरीच्या सुरुवातीला शाळेत डोळे तपासले होते. या पोरीचा डावा डोळा काम करत नाही. शाळेतर्फे दाखवायचं की आपलं आपण डॉक्टरकडे न्यायचं, असं चिठ्ठीत विचारलं होतं. शाळेतर्फे जायचं तर आईने बरोबर यायला हवं होतं. तीनदा चिठ्ठी आली आणि तिन्हीदा आपलं आपण नेऊ म्हणून सही करून परत गेली. शाळा निर्धास्त राहिली. नव्या बाईंनी सहज विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तेव्हा पोर रडायला लागली. म्हणून बाई स्वतः आल्या होत्या.

बाई गेल्या. मी तार खाली काढली. जाऊबाई जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "अस्के वाचूं?"

"सगळे वाचा."

त्यांनी तारेतून एकेक कागद उलटा काढत वाचायला सुरुवात केली. शाळेत एक संगणक आला आहे, आयांनी येऊन पाहावा. स्नेहसंमेलनात आपली मुलगी गाणार आहे, आई-वडिलांनी जरूर यावं. मला त्या दिवशी ती म्हणाली होती की शाळेत झाडलोट आहे, उशीर होईल. गाण्यासाठी परकर-पोलकं घालून पाठवा असंही चिठ्ठीत होतं. ते तिने कुणाकडून आणलं असेल? "माझ्याकडून," जाऊबाई म्हणाल्या. "तुला सांगितली असेल म्हणून मी समजलीं." त्या गेल्या होत्या गाणं ऐकायला. मागच्या रांगेत बसल्या होत्या.

जिथे जिथे आईने यावं असं होतं, तिथे तिथे पोरीने दुसरं काहीतरी रचून सांगितलं होतं. दोन वर्षांत अशा अकरा चिठ्ठ्या. मला राग आला, असा की हात उचलला गेला. जाऊबाईंनी तो वरच्या वर धरला.

"तिला विचार की आधी," त्या म्हणाल्या.

मी विचारलं. पोर दाराला पाठ लावून उभी होती. मान वाकडी.

"अस्के हसतात तुला," ती म्हणाली. "होर तू रडतेस."

मला वाटलं होतं तिला माझी लाज वाटते. लाज वाटली असती तर सोपं होतं. सहा वर्षांच्या पोरीने मला सांभाळायचं काम अंगावर घेतलं होतं आणि ते करताना तिला स्वतःचा डोळा आठवला नव्हता. मी तिथेच तिला पोटाशी धरून रडले, म्हणजे जे तिला नको होतं तेच केलं.

डोळ्यांचे डॉक्टर भले होते. त्यांनी ओरडायला हवं होतं, ओरडले नाहीत. अशा डोळ्याला लहानपणीच वळण लावावं लागतं, असं त्यांनी सावकाश सांगितलं. पहिल्या चिठ्ठीच्या वेळी आणली असती तर आशा बरीच होती. आता आठ पुरी झाली. तरी प्रयत्न करू. चष्मा दिला आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितली, म्हणजे आळशी डोळ्याला कामाला लागावं लागेल. रविवारी फोनवर नवरा म्हणाला, "वहिनींना विचारायचं होतंस." मी हो म्हटलं. भांडायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

पट्टी बांधली की पोरीला पुस्तक वाचता येत नसे. भिंतीला हात लावत घरात फिरायची. मी रोज दुपारी पाटी घेऊन जाऊबाईंकडे जायला लागले. त्या तमिळ अक्षरं घोटून घ्यायच्या. माझं चुकलं की त्या हसायच्या, मोकळेपणाने, आणि मला ते चालायला लागलं. एकदा मी म्हटलं, "अक्का, तेव्हा मी पाहुण्यांसमोर..." त्या म्हणाल्या, "पुढचं अक्षर लिही."

चार महिन्यांनी शाळेतून चिठ्ठी आली. पट्टीची वेळ होती. पोर खिडकीपाशी बसली होती, पांढऱ्या पट्टीत अर्धा चेहरा बांधलेला. तिने सवयीने हात पुढे केला आणि मागे घेतला. मी तिच्याजवळ बसले आणि अक्षर अक्षर जोडत वाचायला लागले. मला घाम फुटला होता. शुक्रवारी. दुपारी. तीन वाजता. शाळेत. आयांची सभा.

मी थांबले. ती त्या एका डोळ्याने, ज्याला माझा चेहरा नीट दिसत नव्हता, माझ्याकडे बघत होती.

"ते नक्को वाचू," ती म्हणाली. "त्याच्या पुढचं वाच."

पुढे फक्त सहीची जागा होती. मी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने वाचली.