दोन वाटा ठेवणारे साहेब

एकाच वाटेवर भरवसा ठेवणारा माणूस आमच्या नेटवर्कवाल्या साहेबांच्या मते अजून पाळण्यातच असतो. त्यांच्या खिशात पेनं दोन, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा, घरी दूधवाले दोन, आणि मनीमाजऱ्यातल्या घरून ऑफिसला यायचे रस्तेही दोन, आलटूनपालटून. नुसतं दोन ठेवून त्यांचं भागत नसे. दुसरं खरंच उपयोगी पडतं का, हे बघायला ते पहिलं अचानक बंद करत. एका जानेवारीत त्यांनी रखवालदाराला सांगून ऑफिसचा पुढचा दरवाजा बंद करवला. लोक मुकाट्याने मागच्या दाराने आत आले, फक्त मोठ्या मॅडम धुक्यात पुढचंच दार वाजवत राहिल्या. साहेबांनी वहीत लिहिलं, 'एक सोडून सगळे पोचले.'

त्या ऑफिसात चहा मी करते. यजमानांची बदली झाली म्हणून चंदीगडला आले. माझी हिंदी अडखळती, त्यात बोलायची मुळातच लाज, म्हणून ट्रे ठेवायचा आणि निघायचं, एवढंच मला ठाऊक. साहेब वर्ध्याकडचे. माझ्याशी मराठी बोलणारे तिथे ते एकटेच. त्यांनी मला गॅसच्या जोडीला विजेची शेगडी ठेवायला लावली आणि एकदा ऐन अकराच्या चहाला सिलिंडर बंद करून घड्याळ बघत उभे राहिले. मी पातेलं उचलून शेगडीवर ठेवलं, चहा वेळेवर गेला. "ताई, तुम्ही आमच्या इंजिनिअरांपेक्षा बऱ्या," ते म्हणाले. "ते आधी मीटिंग घेतात."

त्यांचं काम त्यांनीच मला समजावलं. कंपन्यांच्या शाखा गावोगाव असतात, त्या इंटरनेटने एकमेकींशी जोडायच्या. पूर्वी प्रत्येक शाखेत माणूस जाऊन तिथल्या इंटरनेटच्या डब्याला शिकवून यायचा. आता साहेब इथे बसून कॉम्प्युटरवर नियम लिहितात आणि सगळीकडचे डबे ते पाळतात. प्रत्येक डब्याला दोन लाइनी. एक अडली की तो कुणाला न विचारता दुसरीवर वळतो. म्हणजे शहाणा ड्रायव्हर, असं माझ्या तोंडून निघून गेलं. ते त्यांना इतकं आवडलं की पुढे ग्राहकांनाही ते हेच सांगू लागले, आणि हे आमच्या ताईंचं बरं का, असं वर जोडूही लागले.

पण या दोन-दोनच्या संसारात त्यांच्याकडे एक गोष्ट एकच होती, आई. तिला इथली थंडी सोसली नाही, म्हणून ती गावी एकटी राहायची. साहेबांना तिच्याजवळ जायचं होतं. मॅडमनी त्यांना सांगितलं होतं, पिंजौरच्या सरदारजींच्या कारखान्याचं नेटवर्क तुम्ही हात न लावता चाललेलं दिसू दे, मग खुशाल गावाहून नोकरी करा.

परीक्षेला सरदारजी स्वतः आले. इथल्या डब्याच्या दोन तारांपैकी एक काढून दाखवा म्हणाले, पण तुमचा माणूस त्याच्या सोयीचीच तार काढणार, असंही म्हणाले. आपला हात पक्षपाती आहे हे साहेबांनी लगेच कबूल केलं आणि ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मला पुढे केलं. पडद्यावर पिंजौरचे मुनीमजी मालाची यादी वाचत होते. मी तारांपाशी गेले. खोटं कशाला लिहू, क्षणभर मनात आलं, बंद पडू दे हे सगळं, राहू देत साहेब इथेच.

"ताई, माझ्याकडे बघू नका," ते हळूच म्हणाले. "जी काढावीशी वाटते ती काढा."

मी त्यातली जाड तार धरली आणि ओढली. साहेबांनी डोळे मिटले. मुनीमजींनी यादी पुरी वाचली, पाणी प्यायलं आणि कंटाळून विचारलं, "सरजी, टेस्ट कब शुरू होगा?" सरदारजी इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

महिन्याभरात साहेब गावी गेले. आता मंगळवारच्या बैठकीत ते पडद्यावर दिसतात. मी नेहमीसारखी ट्रे ठेवते आणि निघते. परवा मात्र त्यांच्या मागून एक म्हातारी पुढे आली आणि थेट माझ्याकडे बघत म्हणाली, "तूच काय वं ती तार ओढणारी? जेवली का माय?"

सगळी बैठक माझ्याकडे बघायला लागली. साहेब ओशाळून आईला मागे सारत होते आणि ती काही सरकत नव्हती. मी ट्रे खाली ठेवला.

"नाही अजून," मी म्हटलं. "तुमचं झालं?"

मग तिने सकाळपासून काय काय रांधलं ते सांगायला घेतलं. मॅडमनीही थांबवलं नाही. किती दिवसांनी कुणी माझ्याशी भाकरी-भरिताचं बोलत होतं, आणि सगळ्यांचा चहा निवेपर्यंत मी तशीच ऐकत उभी राहिले.